लांब पानाचा मेनू: वाचक जिथे आहे, तेच नाव उजळायला हवं

एखाद्या वेबसाइटवर मोठा लेख उघडला की बाजूला किंवा वरच्या पट्टीत विभागांची यादी दिसते. आपण पान खाली सरकवत जातो आणि यादीतलं एकेक नाव उजळत जातं. वेब डेव्हलपर मंडळी याला ‘स्क्रोलस्पाय’ म्हणतात. दिसायला अगदी साधी गोष्ट आहे. बूटस्ट्रॅपसारख्या लायब्ररीत ती तयार मिळते, त्यामुळे बहुतेक जण दोन ओळी टाकून मोकळे होतात. पण हीच गोष्ट अनेक वेबसाइटवर चुकीचं सांगत असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

उरणच्या लोकलचं उदाहरण घ्या. डब्यातला इंडिकेटर बघून आपण कुठे आलो हे कळतं. समजा गाडी उरणला येऊन थांबली, पुढे रूळच नाहीत, आणि इंडिकेटरवर अजून ‘द्रोणागिरी’च आहे. रोजचा माणूस उतरेल. नवीन माणूस मात्र बसून राहील. मेनूतलं उजळलेलं नाव हा आपल्या पानाचा इंडिकेटर आहे. तो शेवटच्या स्टेशनला हमखास चुकतो. का चुकतो आणि तो खरं कसं बोलेल, हे या लेखात पाहू.

लेखात कोड दिलेला नाही, पायऱ्या साध्या मराठीत दिल्या आहेत. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट येत असेल तर तासाभरात हे सगळं करता येईल.

उदाहरणाचं पान: चिरनेर

उदाहरणासाठी मी स्वतः बनवलेलं एक पान घेते. एका शिक्षकांना त्यांच्या वर्गासाठी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर एकपानी वेबसाइट हवी होती. मुलं ती मोबाईलवर वाचणार होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. त्या काळी ते पनवेल तालुक्यात मोडायचं आणि जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने जंगलावर सरकारचा ताबा होता. लाकूडफाटा आणि चराई यांवर पोट असलेल्या लोकांना तो जाचक वाटत होता. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी केला, सांगलीकडे बिळाशीला झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर आणि आसपासच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या जंगलात सत्याग्रहाला गेले. तिथे पोलिसांनी गोळीबार केला. धाकू फोफेरकर, नाग्या कातकरी यांच्यासह आठ जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशी यांचाही त्या दिवशी मृत्यू झाला. पुढे गावकऱ्यांवर खटला चालला. गावात हुतात्मा स्मारक आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे अभिवादन होतं.

पानावर सहा विभाग होते. एका मोबाईलवर त्यांची उंची साधारण अशी धरू (आकडे सोपे केले आहेत, एकक पिक्सेल):

१. गाव आणि परिसर: ० ते ९००
२. जंगल कायदा: ९०० ते २०००
३. महाराष्ट्रातले जंगल सत्याग्रह: २००० ते ३२००
४. २५ सप्टेंबर १९३०: ३२०० ते ४८००
५. खटला: ४८०० ते ५७००
६. हुतात्म्यांची नावं: ५७०० ते ६०००

म्हणजे पान ६००० पिक्सेल उंच आणि मोबाईलची स्क्रीन ८००. शेवटचा विभाग फक्त ३०० चा, कारण त्यात आठ नावं आणि त्यांची गावं एवढंच आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच फिरणार आहे.

आधी एक फरक समजून घेऊ

‘मेनूत चालू जागा दाखवा’ या एका वाक्यात दोन वेगळी कामं लपलेली असतात.

पहिलं काम म्हणजे चालू पान दाखवणं. वेबसाइटवर मुखपृष्ठ, इतिहास, संपर्क अशी वेगवेगळी पानं आहेत आणि वाचक ‘इतिहास’ या पानावर आहे. इथे स्क्रोलचा काही संबंध नाही. पानाचा पत्ता सर्व्हरला माहीत असतो, त्यामुळे पान बनतानाच योग्य लिंकवर खूण करता येते. जावास्क्रिप्टची गरजच नाही. फक्त पत्ते जुळवताना काळजी घ्या. ‘पत्त्याची सुरुवात जुळली की उजळवा’ असा नियम लावला तर ‘/चिरनेर-गणपती’ या पानावर असताना ‘/चिरनेर’ हीसुद्धा लिंक उजळेल, कारण सुरुवात सारखीच आहे. पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे किंवा जुळलेल्या भागानंतर लगेच तिरकी रेघ आली पाहिजे, असा नियम ठेवा. मुखपृष्ठाचा पत्ता नुसती तिरकी रेघ असतो आणि सगळे पत्ते तिनेच सुरू होतात, म्हणून मुखपृष्ठाला कायम तंतोतंत नियम लावा.

दुसरं काम म्हणजे एकाच पानातला चालू विभाग दाखवणं. वाचक कुठे आहे हे इथे सर्व्हरला कळू शकत नाही, ते ब्राउझरलाच सतत बघत राहावं लागतं. पुढचा सगळा लेख या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

ब्राउझरला कसं कळतं?

वाचकाची नजर नेमकी कुठे आहे हे ब्राउझरला दिसत नाही. त्याला फक्त पान किती सरकलंय हे माहीत असतं. म्हणून आपण एक अंदाज बांधतो. स्क्रीनवर एक काल्पनिक आडवी रेषा मारायची आणि त्या रेषेखाली जो विभाग आला तो चालू विभाग धरायचा. या रेषेला आपण ‘वाचनरेषा’ म्हणू. बहुतेक जण ती स्क्रीनच्या वरून ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण वाचताना नजर साधारण वरच्या भागात असते.

ही रेषा राबवायच्या दोन पद्धती आहेत.

जुनी पद्धत स्क्रोल इव्हेंटची. पान सरकलं की ब्राउझर आपल्या फंक्शनला हाक मारतो आणि आपण प्रत्येक विभागाची जागा मोजतो. अडचण अशी की स्क्रोल करताना ही हाक सेकंदाला कित्येक वेळा येते. दर हाकेला सगळ्या विभागांची मोजणी केली आणि मध्येच मेनूचं रूपही बदललं, तर ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा पुन्हा करावी लागते. स्वस्तातल्या मोबाईलवर पान अडखळायला लागतं.

नवी पद्धत ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ची. क्रोममध्ये ही सोय २०१६ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०१७ मध्ये आणि सफारीत २०१९ मध्ये. इथे आपण ब्राउझरला सांगून ठेवतो की या सहा विभागांवर लक्ष ठेव आणि एखादा या पट्ट्यात आला किंवा बाहेर गेला की मला कळव. मोजणीचं काम ब्राउझर स्वतःच्या सोयीने करतो. पट्टा ठरवण्यासाठी ‘रूट मार्जिन’ नावाचं सेटिंग असतं. त्यात वरून उणे ३० टक्के आणि खालून उणे ६९ टक्के दिले की मध्ये एक टक्क्याचा बारीक पट्टा उरतो. तीच आपली वाचनरेषा. बूटस्ट्रॅपनेही ५.२ या आवृत्तीत (२०२२) आपलं स्क्रोलस्पाय याच पद्धतीवर नव्याने लिहिलं.

बहुतेक लेख आणि व्हिडिओ इथे संपतात. आपण आता चिरनेरच्या पानावर आकडे टाकून बघू.

शेवटचं नाव उजळतच नाही

पान ६००० उंच आणि स्क्रीन ८००, म्हणजे पान जास्तीत जास्त ५२०० सरकू शकतं. त्यापुढे सरकायला जागाच नाही. वाचनरेषा स्क्रीनच्या वरून ३० टक्क्यांवर, म्हणजे २४० वर आहे. म्हणून पान अगदी तळाला नेलं तरी रेषा ५२०० अधिक २४०, म्हणजे ५४४० पर्यंतच पोचते.

‘हुतात्म्यांची नावं’ हा विभाग ५७०० ला सुरू होतो.

रेषा तिथे कधीच पोचत नाही. वाचक तळाशी येऊन नावं वाचतोय, नावं पूर्ण डोळ्यांसमोर आहेत आणि मेनूत ‘खटला’ उजळलेलं आहे. याहून वाईट प्रकार लिंक दाबल्यावर होतो. मुलाने मेनूत ‘हुतात्म्यांची नावं’ दाबलं. ब्राउझर तो विभाग स्क्रीनच्या वर आणायचा प्रयत्न करतो, पण पान ५२०० ला अडतं. विभाग स्क्रीनच्या खालच्या भागात, ५०० ते ८०० मध्ये दिसतो. रेषा मात्र २४० वर, ‘खटला’ विभागावर. म्हणजे मुलाने दाबलं एक आणि उजळलं दुसरंच. त्याला वाटतं लिंक बिघडली आहे. तो परत दाबतो आणि आता तर काहीच हलत नाही.

ज्या आठ जणांसाठी हे पान बनवलं, त्यांच्याच विभागाला मेनू कधी ओळखत नाही. यात कोडची कुठलीही ओळ ‘चुकलेली’ नाही. कन्सोलमध्ये लाल अक्षरं दिसत नाहीत. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं टिकून राहतो.

आणि हा फक्त अशा पानाचा प्रश्न नाही. मराठी वेबसाइटवर शेवटी काय असतं ते आठवून बघा: संपर्क, पत्ता, अर्जाची शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं. छोटे, पण लोक ज्यासाठी पानावर येतात तेच विभाग. छोटे आणि शेवटी असल्यामुळे नेमके तेच या दोषात सापडतात.

उपाय तीन, त्यातला कोणता घ्यायचा?

पहिला उपाय: शेवटचा विभाग ताणायचा. शेवटच्या विभागाला सीएसएसमध्ये किमान उंची म्हणून पूर्ण स्क्रीनची उंची द्यायची. मग तो वरपर्यंत सरकू शकतो आणि रेषेखाली येतो. एका ओळीचं काम आहे. पण नावांखाली अर्धी स्क्रीन पांढरी राहते. वाचकाला वाटतं की अजून काहीतरी लोड व्हायचंय. पान छापलं तर रिकामी जागाही छापली जाते.

दुसरा उपाय: तळ ओळखायचा. पान तळाला टेकलं की बाकी काही न बघता शेवटचं नाव उजळवायचं. हा उपाय सगळ्यात जास्त वापरला जातो. करताना एक पिक्सेलची सूट ठेवा, कारण काही स्क्रीनवर सरकलेलं अंतर अपूर्णांकात येतं आणि बेरीज तंतोतंत जुळत नाही. पण यातही एक पेच आहे. शेवटून दुसरा विभागही छोटा असेल तर तो वगळला जातो. रेषा तिसऱ्यावर असतानाच पान तळाला टेकतं आणि उजेड एकदम शेवटच्यावर उडी मारतो.

तिसरा उपाय: रेषाच सरकवायची. मला हा सगळ्यात पटतो. वाचनरेषा ३० टक्क्यांवर खिळवून ठेवायची नाही. पान सगळ्यात वर असेल तेव्हा रेषाही स्क्रीनच्या वरच्या कडेला. पान निम्मं सरकलं की रेषा स्क्रीनच्या मध्यावर. पान तळाला आलं की रेषा खालच्या कडेला. आपली नजरही साधारण असंच करते. पान अडलं की शेवटचा मजकूर वाचायला आपण नजर खाली नेतोच.

गणित सोपं आहे:

१. पान किती सरकलंय ते घ्या. त्याला जास्तीत जास्त सरकण्याने भागा. ० ते १ मधला आकडा मिळेल, ती झाली ‘प्रगती’.
२. प्रगतीला स्क्रीनच्या उंचीने गुणा. रेषा स्क्रीनवर कुठे आहे ते कळेल.
३. त्यात सरकलेलं अंतर मिळवा. रेषा पूर्ण पानात कुठे आहे ते कळेल.
४. ज्या विभागाची सुरुवात या आकड्याच्या वर आहे, त्यांतला शेवटचा विभाग म्हणजे चालू विभाग.

चिरनेरच्या पानावर करून बघू. पान २६०० सरकलं, प्रगती अर्धी, रेषा स्क्रीनवर ४०० ला, पानात ३००० ला. चालू विभाग तिसरा. बरोबर. आता तळ बघू. पान ४९४० सरकलं की प्रगती ०.९५, रेषा स्क्रीनवर ७६० ला आणि पानात ५७०० ला. नेमकी ‘हुतात्म्यांची नावं’ची सुरुवात. तिथून ५२०० पर्यंत, म्हणजे पुढचे २६० पिक्सेल हेच नाव उजळलेलं राहतं. रेषा पानाच्या पहिल्या पिक्सेलपासून शेवटच्या पिक्सेलपर्यंत सलग प्रवास करते, त्यामुळे विभाग कितीही छोटा असला तरी त्याची पाळी येतेच.

दोन बारीक गोष्टी. पान स्क्रीनपेक्षा छोटं असेल तर भागाकारात खाली शून्य येतो, म्हणून ती शक्यता आधी तपासा. आणि आयफोनवर पान तळाला ताणलं की ते रबरासारखं थोडं पुढे जातं, म्हणून प्रगती ० च्या खाली किंवा १ च्या वर जाऊ देऊ नका.

रेषा हलती असल्यामुळे इथे इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरचा स्थिर पट्टा चालत नाही, परत स्क्रोल इव्हेंटकडे यावं लागतं. मग ते अडखळणं? ते टाळता येतं. विभागांच्या सुरुवातीचे आकडे एकदाच मोजून ठेवा. स्क्रोलच्या वेळी फक्त वरची गुणाकार-बेरीज करा, तीही ब्राउझर पुढचं चित्र काढण्याआधी एकदाच (यासाठी ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ आहे). आणि चालू विभाग बदलला असेल तरच मेनूला हात लावा. एवढं काम कुठलाही मोबाईल सहज करतो.

मोजून ठेवलेले आकडे शिळे होतात हे मात्र विसरू नका. देवनागरी वेबफॉन्ट बहुतेक वेळा मजकुरानंतर पोचतो. आधी मोबाईलचा स्वतःचा फॉन्ट दिसतो, मग आपला फॉन्ट येतो, ओळी वेगळ्या तुटतात आणि पूर्ण पानाची उंची बदलते. फोटो उशिरा आले तरी तेच होतं. म्हणून लेखाच्या डब्यावर ‘रिसाइझ ऑब्झर्व्हर’ लावा आणि उंची बदलली की आकडे परत मोजा. नेटवर्क धीमं असतं तिथे हा फरक सगळ्यात जास्त दिसतो.

लिंक दाबली की त्या माणसाचं ऐका

स्क्रोल करताना आपण अंदाज लावतो. लिंक दाबल्यावर अंदाजाची गरज नाही, कारण वाचकाने स्वतः सांगितलंय की त्याला कुठे जायचंय.

म्हणून लिंक दाबताच ते नाव लगेच उजळवा आणि वाचक स्वतःहून पान हलवेपर्यंत तसंच राहू द्या. असं केलं नाही तर दोन त्रास होतात. एक, पान हळुवार सरकत जातं तेव्हा वाटेतलं प्रत्येक नाव लुकलुकत जातं. दोन, सरकत्या रेषेच्या पद्धतीत मधला एखादा विभाग फार छोटा असेल तर तो वरच्या कडेला येऊन थांबतो, पण रेषा त्याच्या खालच्या विभागावर असते.

‘स्वतःहून’ म्हणजे काय? बोटाने सरकवणं, माउसचं चाक फिरवणं, कीबोर्डचे बाण. यातलं काही घडलं की परत रेषेच्या हवाली करा.

वर चिकटलेली पट्टी असेल तर आणखी एक गोष्ट. लिंक दाबल्यावर विभागाचं शीर्षक त्या पट्टीखाली लपतं. प्रत्येक विभागाला ‘स्क्रोल मार्जिन टॉप’ हा सीएसएस गुण पट्टीच्या उंचीएवढा द्या. यासाठी रिकामे डबे घालायची जुनी युक्ती आता लागत नाही.

मराठी आयडी आणि ‘ऱ्या’चा घोळ

मेनूतली लिंक आणि विभाग यांना जोडणारा दुवा म्हणजे आयडी. आयडी मराठीत ठेवता येतो का? येतो. ‘चिरनेर’, ‘खटला’, अगदी ‘२५-सप्टेंबर’ सुद्धा चालतो. गंमत म्हणजे इंग्रजी अंकाने सुरू होणारा आयडी सीएसएसमध्ये तसाच लिहिता येत नाही, देवनागरी अंकाला मात्र ते बंधन नाही.

पण तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, ब्राउझर पत्त्यातला मराठी भाग टक्क्याच्या चिन्हांच्या माळेत बदलतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरं लागतात. ‘चिरनेर’मध्ये काना-मात्रा धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. जावास्क्रिप्टने पत्त्यातला हॅश वाचला तर ही माळच हाती येते. ती तशीच घेऊन विभाग शोधला तर सापडणार नाही. आधी ती उलगडून मूळ मराठी करा, मग शोधा.

दुसरं, ‘गावकऱ्यांवरचा खटला’ असा आयडी बघा. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. मेनू एकाने टाइप केला आणि विभाग दुसऱ्याने, तर लिंक मुकाट्याने मरते. युनिकोडचं सामान्यीकरण या जोडीला एक करत नाही. म्हणून आयडी छोटा आणि साधा ठेवा: ‘खटला’, ‘नावे’. आणि शक्य असेल तर मेनू हाताने लिहूच नका, पानातल्या शीर्षकांवरूनच तयार करून घ्या. मग दोन्हीकडे एकच शब्द राहील.

तिसरं, एकाच नावाचे दोन विभाग. ‘पार्श्वभूमी’ हे शीर्षक दोनदा आलं तर दोन्ही लिंक पहिल्यावरच जातात. शीर्षकांवरून आयडी बनवताना दुसऱ्याला पुढे आकडा जोडा.

उजळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

फक्त रंग बदलणं पुरेसं नाही. उन्हात मोबाईल धरलेल्या माणसाला किंवा रंग नीट न ओळखणाऱ्याला निळा आणि गडद निळा सारखेच. रंगाबरोबर आणखी एक खूण हवी.

अक्षर ठळक करणं ही पहिली सुचणारी खूण. पण ठळक देवनागरी जास्त रुंद होते. ‘महाराष्ट्रातले जंगल सत्याग्रह’ हे नाव साध्या अक्षरात एका ओळीत बसतं, ठळक केलं की दोन ओळींत जातं. मग खालची सगळी नावं हलतात आणि ज्यावर बोट नेलं ते खाली सरकतं.

अधोरेखा ही दुसरी. इथे आपली लिपी आडवी येते. ‘गुजरात’, ‘कृती’, ‘हुतात्मा’ यांतले उकार-ऋकार ओळीच्या खाली लटकतात आणि रेघ त्यांना कापते. रेघ मारायचीच असेल तर अक्षरांपासून पुरेशी खाली ठेवा.

उभ्या मेनूत मला डावीकडची उभी पट्टी सगळ्यात बरी वाटते. प्रत्येक नावाला आधीपासूनच चार पिक्सेलची पारदर्शक डावी कड द्या आणि चालू नावाची कड रंगवा. जागा आधीच राखलेली असते, त्यामुळे काही हलत नाही. शिरोरेखेला आणि उकारालाही धक्का लागत नाही.

मोबाईलवरच्या आडव्या मेनूत आणखी एक काम असतं. सहा नावं एका स्क्रीनमध्ये मावत नाहीत. सहावं उजळलं, पण ते उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर, तर काय उपयोग? उजळलेलं नाव त्या पट्टीत दिसेल असं आडवं सरकवा. फक्त पट्टीच सरकवा, नाहीतर वाचत असलेलं पान वरखाली उडी मारेल.

आणि डोळ्यांनी न बघणाऱ्या वाचकाचं काय? स्क्रीनरीडरला रंग आणि पट्टी दोन्ही कळत नाहीत. त्यासाठी ‘एरिया-करंट’ नावाची खूण आहे. पान दाखवायचं असेल तर तिची किंमत ‘पेज’, पानातली जागा दाखवायची असेल तर ‘लोकेशन’. एका वेळी एकाच लिंकवर ठेवा, जुनीवरून काढा आणि मग नवीवर लावा. सीएसएसही याच खुणेवर लिहा, वेगळा क्लास नको. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं आणि कानांना जे ऐकू येतं, ते कधी वेगळं होणार नाही.

पत्ता बदलायचा का?

काही वेबसाइट विभाग बदलला की पत्त्यातला हॅशही बदलतात. फायदा असा की वाचकाने तिथूनच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर समोरचा थेट त्या विभागात उतरतो. पण प्रत्येक बदल ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद म्हणून टाकला तर मागे जायला सहा वेळा बटण दाबावं लागतं. म्हणून चालू नोंदच बदलणारी पद्धत (‘रिप्लेस स्टेट’) वापरा, तीही वाचक क्षणभर थांबल्यावर. थोड्या वेळात फार वेळा बदल केला तर सफारी ते सरळ नाकारतो.

पुढे हे आपोआप होईल का?

होईल असं दिसतंय. मेनूतल्या चालू लिंकला निव्वळ सीएसएसने ओळखता यावं, यासाठी ‘टार्गेट-करंट’ ही सोय क्रोममध्ये २०२५ मध्ये आली. सगळ्या ब्राउझरमध्ये येईपर्यंत जावास्क्रिप्ट लागेलच. आणि ती आल्यावरही तळाचा छोटा विभाग उजळतो का, हे आपल्यालाच बघावं लागेल.

वेबसाइट सोपवण्याआधी तपासा

१. पान हळूहळू वरपासून तळापर्यंत न्या. मेनूतलं प्रत्येक नाव एकदा तरी उजळलं का? मोजा.
२. मेनूतलं प्रत्येक नाव दाबा. दाबलेलंच उजळलं का? शेवटचं खास बघा.
३. हेच मोठ्या मॉनिटरवर करा. स्क्रीन जितकी उंच, तितके तळाचे जास्त विभाग अडकतात. पानाखाली मोठा फूटर असेल तर मोबाईलवर हा दोष झाकला जातो आणि मॉनिटरवर उघडा पडतो.
४. मोबाईल आडवा धरा, अक्षरं मोठी करा आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून बघा.
५. जावास्क्रिप्ट बंद करा. उजळणं बंद झालं तरी चालेल, लिंक मात्र चालल्याच पाहिजेत.
६. हॅश असलेली लिंक व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा आणि उघडा. योग्य विभागात उतरता का?

वेळ कमी असेल तर निदान दुसरी पायरी तरी करा. चिरनेरच्या पानावर ‘हुतात्म्यांची नावं’ दाबलं की पान तळाला टेकतं, आठही नावं समोर येतात आणि मेनूत सहावी पट्टी रंगते. तुमच्या पानावरचा शेवटचा विभाग कोणता आहे? तो आत्ता दाबून बघा.